गाठ पक्की असूनही माळ पुन्हा पुन्हा का तुटते?

गेल्या पावसाळ्यात एकच माळ माझ्याकडे तीनदा परत आली. मधोमध ऑक्सिडाइज्ड पदक, पदकाच्या दोन्ही अंगांना शिसवी रंगाचे लाकडी मणी, त्यांच्यावर गुजरातमधल्या खंबायतचे लाल अकीक दगडाचे मणी आणि मानेकडे गोड्या पाण्यातले मोती. सगळं मरून रंगाच्या रेशमात, मण्यामण्याला गाठ देऊन. घेणारी डोंबिवलीहून रोज फोर्टात कामाला येते. पहिल्यांदा तिने मणी रुमालात बांधून आणले, दुसऱ्यांदा डब्यात. तिसऱ्यांदा नुसतं म्हणाली, "ताई, दोन मोती दादरच्या जिन्यावर गेले. बाकीचे सगळे गोळा केलेत." ती रागावली नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

पहिल्या दोन वेळा मी तेच केलं जे हा उद्योग करणाऱ्या बहुतेकजणी करतात. आधी दोरा जाड घेतला. मग गाठींवर गोंद टाकला. तिसऱ्यांदा मात्र जुना दोरा केरात टाकण्याआधी दिव्याखाली धरला आणि भिंगातून नीट पाहिला. पहिल्या दोन वेळचे तुकडेही सुदैवाने सुतळीच्या डब्यात पडून होते. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कळलं की ही माळ तीन वेळा तीन वेगळ्या कारणांनी तुटली होती, आणि त्यातली दुसरी व तिसरी तोड माझ्याच दुरुस्तीतून आली होती.

"माझी माळ सारखी तुटते, कोणता दोरा घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आता दोऱ्याचं नाव सांगत नाही. आधी विचारते, तुटलेलं टोक ठेवलंय का?

टोक वाचायचं कसं

पांढऱ्या कागदावर टोक ठेवा. दोरा पांढरा असेल तर काळा कागद घ्या. मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. टोकाशी कापसासारखी लव आलेली असेल आणि आतले तंतू कमीजास्त लांबीचे असतील, तर दोरा कशावर तरी बरेच दिवस घासत होता. सगळे तंतू जवळजवळ एकाच ठिकाणी, कात्रीने छाटल्यासारखे संपत असतील, तर कुठेतरी धार आहे. टोक ताठ झालंय, काडीसारखं मोडलंय, तर तो गोंद. आणि टोक कुरळं आहे, त्यावर गाठीच्या वळणाची खूण तशीच आहे, तर दोरा तुटलेलाच नाही. गाठ सुटली आहे, आणि तिचा इलाज सर्वस्वी वेगळा.

टोकाइतकीच जागाही बघायची. पदकाच्या कडीत, मण्याच्या पोटात, दोन मण्यांच्या मधे की हुकापाशी? म्हणून मी आता माळ देताना सांगून ठेवते की तुटलीच तर मणी निवडून काढू नका, दोऱ्यासकट जशी आहे तशी पिशवीत घालून आणा.

पहिली तोड: पदकाची कडी

पहिला तुकडा धारेने कापलेला होता, पदकाच्या कडीत. ऑक्सिडाइज्ड म्हणून जे पदक मिळतं ते बहुधा जर्मन सिल्व्हरचं किंवा पितळेचं असतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. ओतीव पदकाच्या कडीला आतून साच्याच्या जोडाची बारीक कड राहून जाते. बोटाला ती लागत नाही, कारण बोट आत जातच नाही. दोऱ्याला मात्र ती चालताना, वाकताना, लोकलच्या प्रत्येक धक्क्याला लागते.

ती कड शोधायची युक्ती घरातलीच आहे. समईसाठी वळलेली कापसाची वात घ्या, कडीतून ओवा आणि गोल फिरवत बाहेर ओढा. कापसाचे तंतू अडकून कडीतच राहिले, की तिथे कड आहे असं समजा. धातूचे मणी, टोप्या, दोन सर जोडणाऱ्या पट्ट्या, सगळ्यांना मी आता ही वातीची परीक्षा लावते. नव्या मालातल्या किती कड्या नापास होतात हे पाहून पहिल्या दिवशी मी थक्क झाले होते.

घालवायची कशी? कडी मोठी असेल तर उंदराच्या शेपटीसारखी बारीक गोल कानस. छोटी असेल तर ६०० नंबरचा वॉटर पेपर सुईभोवती गुंडाळून पाच-सात वेळा आतून फिरवायचा, धुवायचं, कोरडं करायचं आणि वात पुन्हा ओढून बघायची. याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

एवढ्यावर भागत नाही, कारण कडी गुळगुळीत झाली तरी दोरा तिच्यावर लोंबकळत राहतो. इथे दबका कामाला येतो. हो, जरदोजीच्या भरतकामातला दबका, स्प्रिंगसारखी वळलेली मऊ बारीक तारेची नळी. भुलेश्वरात जरीच्या सामानाच्या दुकानात वजनावर मिळतो. सेंटीमीटरभर तुकडा कापायचा, सुई त्यातून अलगद न्यायची, मग दोरा कडीतून घालून दबका कडीच्या बरोबर मधोमध आणायचा आणि दोरा मागच्या मण्यात परत न्यायचा. दबका वाकून कमान होतो, धातू धातूवर घासतो आणि रेशीम आत सुखरूप राहतं. ओढताना घाई केली तर दबक्याचे वेढे उसवतात आणि तो तुकडा वाया जातो. पहिले दोन-तीन तुकडे वाया जाणारच, ते धरून जास्तच आणा. मोत्यांचे सर हुकाला जोडताना मुरलेले कारागीर अशीच तारेची नळी घालतात. आपण ती फक्त हुकाला घालतो आणि पदकाला विसरतो.

पदकाच्या कडीजवळ दोऱ्यावर हिरवट डाग दिसला तर तो तांब्याचा. घाम खारा असतो, पदकात तांबं असतं, आणि जून ते सप्टेंबर मुंबईत घाम वाळतच नाही. दबका घातला की रेशीम थेट त्या हिरव्याला लागत नाही हा दुसरा फायदा.

दुसरी तोड: अकीकाच्या पोटात

पहिल्यांदा तुटल्यावर मी काय केलं होतं? कडी तपासलीच नाही, दोरा मात्र चार नंबरऐवजी सहा नंबरचा घेतला. म्हणजे साधारण ०.६ मिलीमीटरवरून ०.७ वर गेले. मोत्यांतून तो कसाबसा गेला, दोन मोत्यांना पकडीने सुई ओढावी लागली. तिथेच मी थांबायला हवं होतं.

खंबायतचा अकीक भोकाच्या बाबतीत आडमुठा असतो. दगड कठीण, म्हणून त्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणतात आणि ती दोन भोकं मधे भेटतात. भेट दर वेळी अगदी समोरासमोर होतेच असं नाही. मग मण्याच्या पोटात एक पायरी राहते. पातळ दोरा त्या पायरीला वळसा घालून मोकळा राहतो. जाड दोरा भोक भरून टाकतो, पायरीवर दाबला जातो आणि माळ हलली की तिथल्या तिथे घासतो. माझ्या दुसऱ्या तुकड्याचं टोक लव आलेलं होतं आणि ते मण्याच्या बाहेर नव्हतं, आत होतं. मजबूत म्हणून घेतलेल्या जाड दोऱ्यानेच ती माळ दोन महिनेसुद्धा टिकू दिली नव्हती.

मिश्र माळेची खरी अडचण इथेच आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. मोत्याचं भोक ०.७ ते ०.८ मिलीमीटर, अकीकाचं साधारण १, टेराकोटाचं दीड-दोन, लाकडाचं दोन-अडीच. दोऱ्याकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. तो भोकातून बिनघर्षण जायला हवा, आणि त्याची गाठ भोकात शिरता कामा नये. एकाच जातीच्या मण्यांत हे दोन्ही एकदम जमतं. मोती आणि लाकूड एका दोऱ्यात आले की जमत नाही. मोत्याला साजेसा दोरा घेतला की त्याची गाठ लाकडाच्या भोकात बुडते, लाकडाला साजेसा घेतला की मोत्यातून जात नाही. आणि आपण हटकून मधला काढतो, जो दोघांनाही चालत नाही.

दोरा नेहमी सगळ्यात लहान भोकाच्या मापाने घ्या. मोठ्या भोकांचा बंदोबस्त दोऱ्याने करू नका, मण्याने करा. लाकडी मण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा काचमणी घाला. ११ नंबरचा काचमणी बाहेरून दोन मिलीमीटरच्या जेमतेम वर असतो, तो अडीचच्या भोकात गडप होईल. ८ नंबरचा घ्या, तो तीनच्या आसपास असतो आणि भोकावर झाकणासारखा बसतो. टोपी घातली तरी चालेल, फक्त तिला वातीची परीक्षा द्यावी लागेल. मी त्या माळेत मंगळसूत्राच्या पोतीसारखे काळे मणी घातले. लाकडाशी ते इतके छान दिसले की आता ते माझ्या माळांची खूणच झाले आहेत.

काही जणी अकीकाचं भोक घासून मोठं करतात. हिऱ्याच्या पुडीचा रीमर, म्हणजे भोक रुंद करायची टोकदार सळई, मिळतो, काम होतं. पण ते कोरडं कधीही करू नका. अकीक म्हणजे सिलिका. तिच्या बारीक धुळीने फुप्फुसं निकामी होतात, खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस हा जुना आणि जीवघेणा आजार आहे. स्टीलच्या वाडग्यात पाणी घ्या, मणी आणि रीमरचं टोक दोन्ही पाण्याखाली धरा आणि सावकाश फिरवा. तोंडावर फडकं बांधून बाल्कनीत कोरडं घासणं हा त्याला पर्याय नाही. मोत्यांचं भोकही थोडंफार मोठं करता येतं, पण मोती मऊ असतो, नखाएवढा पापुद्रा निघाला की गेला. शक्यतो दोराच बारीक घ्या.

तिसरी तोड: गोंद आणि बॅगेचा पट्टा

दुसऱ्या दुरुस्तीत मी चार नंबरच्या दोऱ्यावर परतले होते, हे बरं केलं. पण भीतीपोटी हुकाजवळच्या गाठींवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एकेक थेंब टाकला. माळ तिथेच तुटली, गाठीपासून दोन-तीन मिलीमीटरवर, काडी मोडावी तशी.

हा गोंद पाण्यासारखा पातळ असतो. गाठीवर टाकलेला थेंब गाठीवर थांबत नाही, वातीतून तेल चढावं तसा दोऱ्यातून पुढे सरकतो. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो, म्हणजे मुंबईच्या जुलैत तर बघता बघता. जिथवर पोहोचला तिथवर रेशमाची तार होते. त्यापुढे मऊ रेशीम. मान वळली की ताठ आणि मऊ यांच्या सीमेवरच दोरा वाकतो, पुन्हा पुन्हा त्याच जागी. शिवाय दमट हवेत त्याची पांढरी वाफ आजूबाजूच्या मण्यांवर बसते. काळ्या मण्यांवर आलेला तो धुरकटपणा पुसून जात नाही.

नेलपॉलिश लावणाऱ्यांनाही एक सांगते. साध्या मोत्यांच्या, म्हणजे प्लॅस्टिकवर मुलामा दिलेल्या मण्यांवर ते चुकून लागलं तर मुलामा विरघळून चिकट होतो. आणि मेणदोरीवर कुठलाच गोंद धड बसत नाही, मेण त्याला धरूच देत नाही. गोंद लावायचाच तर सुकल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा घ्या, सुईच्या टोकावर घेऊन गाठीच्या पोटात लावा आणि पूर्ण दिवस हात लावू नका. मी स्वतः रेशमाला आता गोंद लावत नाही. शेवटची गाठ झाल्यावर उरलेलं शेपूट सुईने मागच्या तीन मण्यांतून परत नेते आणि प्रत्येक मण्यानंतर अर्धी गाठ घालते. गोंदाची गरजच उरत नाही.

तुटण्याची जागा मात्र गोंदाने पुरती उलगडत नव्हती. उजवीकडेही तसाच गोंद होता, मग माळ हुकाच्या डावीकडेच का तुटली? ती समोर बसली होती म्हणून विचारलं, बॅग कशी घेता? म्हणाली, "चढताना पुढे घेते ना ताई, गर्दीत मागे कोण ठेवतं?" पट्टा मानेवरून आडवा, डाव्या बाजूला, नेमका हुकावर. त्यात ऑफिसच्या ओळखपत्राची फीत. दीड तास उभ्याने, पट्टा हुकाला दाबतो आहे आणि हूक दोऱ्याला. अशांना मी आता हुकाच्या दोन्ही बाजूंना दोन इंच बारीक साखळी लावून देते. मानेवर साखळी राहते, रेशीम कॉलरबोनपासून पुढे सुरू होतं. दिसायला काही फरक पडत नाही.

तुटत नाही, पण सैल पडते

ही तक्रार तुटण्याइतकी बोचत नाही, पण सगळ्यात जास्त वेळा येते. गाठ आणि मणी यांच्यात फट दिसायला लागते. सहा मिलीमीटरच्या ५५ मोत्यांच्या सरात ५६ गाठी असतात. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलीमीटर जरी वाढला तरी सर २८ मिलीमीटरने, म्हणजे जवळजवळ तीन सेंटीमीटरने लांबतो. घालणारीला वाटतं, मोती कमी झाले.

याचं एक कारण हवेत आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत रेशीम आपल्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं, सूत आठ-साडेआठ, नायलॉन चारेक आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर असते. पिळाची सुती दोरी ओली झाली की फुगते आणि आखडते, वाळली की सैलावते. नवरात्राच्या ऑर्डरी आपण श्रावणात ओवतो. तेव्हा सगळं कसं घट्ट बसलेलं दिसतं. ऑक्टोबरच्या उन्हात दोरी वाळते, लाकडी मणीही किंचित आटतात, आणि दसऱ्यापर्यंत माळ खुळखुळते.

म्हणून दोरा ओवण्याआधी ताणून घ्यावा लागतो. मी संध्याकाळी दोरा खिडकीच्या गजाला बांधते, खाली पाव किलोचं कुलूप अडकवते आणि रात्रभर तसाच सोडते. सकाळी मोजला तर लांबी वाढलेली दिसते. ती वाढ माळेत व्हायची होती, ती गजावरच झाली. पावसात खिडकीऐवजी खोलीतल्या दाराच्या कडीला बांधा आणि पंखा चालू ठेवा.

दुसरं कारण हातात आहे. माझ्या आईचं मंगळसूत्र भुलेश्वरात एक पटवेकरी काका गाठवून द्यायचे. लहानपणी मी त्यांच्यासमोर बसून बघायचे. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं आणि पाय लांब केलेला. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. स्वतः गाठवायला लागल्यावर समजलं की त्यांना दोन्ही हात मोकळे हवे असायचे आणि दोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या ताणात. मी अंगठ्याऐवजी टेबलाला ठोकलेला खिळा वापरते, एवढाच फरक.

गाठ मण्याला कशी भिडवायची ते बघा. मणी खाली सरकवा. दोऱ्याचा सैल फेरा करा आणि टोक त्यातून काढा, पण ओढू नका. फेऱ्यात टोचणी घाला. आता टोचणीच्या टोकानेच फेरा मण्याच्या दिशेने ढकलत न्या, अगदी मण्याच्या तोंडाला टोक टेकेपर्यंत. टोचणी तिथेच रोवून दुसऱ्या हाताने दोरा ओढा. फेरा टोचणीभोवती आवळला गेला की अंगठ्याच्या नखाने गाठ दाबून धरा आणि टोचणी बाहेर घ्या. नख तसंच ठेवून दोरा एकदा शेवटचा ओढा. दोरा दुहेरी असेल तर दोन पदर दोन बाजूंना फाकवा, गाठ आपोआप मण्याला अजून चिकटते. चूक बहुतेक एकच होते. टोचणी मण्याला टेकण्याआधीच दोरा ओढला जातो. रेशमाची आवळलेली गाठ मग सरकत नाही, आणि ती सोडवायला गेलं की दोऱ्याला लव येते. अशी गाठ बसलीच तर तेवढ्यासाठी मागे जा. पुढे पन्नास गाठी घातल्यावर ती फट रोज डोळ्यांत सलते.

दोरा किती घ्यायचा हेही इथेच. गाठीत दोरा जातो. तयार माळेच्या लांबीच्या दुप्पट, दुहेरी ओवायचा असेल तर चौपट, आणि वर वीतभर. सुई जोडलेल्या रेशमाच्या कार्डावर साधारण दोन मीटर दोरा असतो, तो सोळा-सतरा इंची माळेला दुहेरी पुरतो. त्याहून लांब करायची असेल तर दोन कार्डं आणा, मधे जोड देऊ नका.

दोरा तुटलाच नाही, गाठ सुटली

ब्रेसलेटं, मॅक्रेम (नुसत्या गाठींनी विणलेलं काम) आणि सरकत्या गाठीच्या माळांत हे जास्त. टोक कुरळं आणि अख्खं. नायलॉन गुळगुळीत, त्यावर घाम, आणि घातलेली गाठ चुकीची. दोन पदर बांधताना उजवा डाव्यावर घेतला तर दुसऱ्या वेळी डावा उजव्यावर घ्यायला हवा. हाताला सवय असते ती दोन्ही वेळा उजवाच घ्यायची, कारण परकराची नाडी आपण तशीच बांधतो. बरोबर गाठ सपाट बसते आणि तिची शेपटं दोऱ्याच्या समांतर निघतात. चुकलेली गाठ फुगीर दिसते आणि शेपटं आडवी बाहेर येतात. एकदा दोन रंगांच्या जाड दोऱ्यांवर दोन्ही बांधून बघा, पुढे नजरच सांगते. मॅक्रेमची पट्टी गोल पिळत जात असेल तर तीच चूक तिथेही आहे, बाजू आलटून पालटून घेतली नाही.

गुळगुळीत दोऱ्याला पहिल्या फेऱ्यात एक वेढा जास्त द्या. नायलॉन आणि पॉलिस्टरची टोकं वितळवता येतात, पण ज्योतीत धरू नका, ज्योतीशेजारी धरा. टोकाला बारीक गुंडी झाली की पुरे. रेशीम आणि सूत वितळत नाही, जळतं.

त्यावरून दोरा ओळखताही येतो, आणि ओळखायलाच हवा, कारण रेशीम म्हणून दुकानात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरं रेशीम केस जळाल्याचा वास देतं आणि मागे चुरडली जाणारी काळी गोळी राहते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. कागद जळाल्याचा वास आणि भुरकट राख म्हणजे सूत किंवा व्हिस्कोस. या शेवटच्यापासून फार जपा. व्हिस्कोस रेशमासारखं चमकतं, पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. पावसात अचानक तुटलेल्या रेशमी गोंड्यांमागे मला दोनदा हेच सापडलं. इथे रोज वापरायच्या, टेराकोटा किंवा लाकूड असलेल्या माळेला मी सरळ पॉलिस्टर देते. रेशीम मोत्यांसाठी आणि अधूनमधून घालायच्या दागिन्यांसाठी ठेवते.

इलॅस्टिकबद्दल थोडक्यात. ओवण्याआधी दोन-चार वेळा जोरात ताणून घ्या, जड दगड त्यात ओवू नका, आणि वर्षभराने न तुटताच बदलून टाका. रंगवलेले लाकडी मणी मोत्याशेजारी घालण्याआधी ओल्या कापसाने पुसून बघा. कापूस लाल किंवा काळा झाला तर तो रंग घामाबरोबर मोत्यात जाणार, आणि मोत्यातून तो निघत नाही.

ती डोंबिवलीची माळ मी चौथ्यांदा गाठवली तेव्हा श्रावण संपत आला होता. कडी घासली, दबका घातला, चार नंबरचं ताणलेलं रेशीम, लाकडाला काळे मणी, मागे साखळी. हरवलेल्या दोन मोत्यांना जोड मिळेना. गोड्या पाण्यातले मोती एका रंगाचे दिसले तरी शेजारी ठेवले की एक गुलाबी निघतो, एक पिवळट. शेवटी त्यातल्या त्यात जवळचे दोन घेतले आणि साखळीला लागून, केसांखाली जातील असे घातले. नवरात्रात मरून रंगाच्या साडीवर तिने ती घातली, फोटो पाठवला.

जानेवारीत ती स्वतःहून दाखवायला घेऊन आली. प्रत्येक गाठ नखाने चाचपत गेले. पदकाच्या वरची डावीकडची दुसरी गाठ थोडी हलली आहे, बाकी सगळ्या जागच्या जागी. दबका काळवंडलाय. तिला मे महिन्यात पुन्हा आणायला सांगितलंय. पावसाच्या आधी तेवढं रेशीम बदलून घेऊ.